मैंदर्गीत ऐकलेले दीपगृह

सोलापूर

सोलापूरच्या पहाटेला ओल नसते. कोकणातून गेलेल्या माणसाला हे सर्वांआधी ओठांवर कळते, मग केसांत, आणि शेवटी पुस्तकांत. आमच्या देवगडच्या बाजूला माघातसुद्धा पुस्तकाची पाने किंचित फुगलेली असतात. उलटताना ती एकमेकींना धरून ठेवतात, आणि कपाट उघडले की बुरशीचा, कापराचा आणि जुन्या डिंकाचा मिळून एक वास येतो. शुभदाच्या घरी चहा होईपर्यंत मी तिच्या कपाटातली एक जाड कादंबरी हातात घेतली, तर पाने कुरकुरली. वास असा नाहीच. इथल्या हवेत पुस्तके सुरकुत्या न पडता म्हातारी होतात, नुसती ठिसूळ होत जातात.

शुभदा माझी एम.ए.च्या दिवसांतली मैत्रीण. ती सोलापुरात एका महाविद्यालयात मराठी शिकवते. महिन्याभरापूर्वी फोनवर मी तिला सध्या वाचत असलेल्या एका आत्मचरित्राविषयी सांगत होते. दीपगृहाच्या राखणदाराच्या बायकोने म्हातारपणी लिहिलेले ते साधे, सावकाश पुस्तक. एका खडकाळ बेटावरची वर्षे, आठवड्याला येणारी शिधासामग्रीची होडी, पावसाळ्यात न येणारी होडी, आणि रोज संध्याकाळी लावायचा दिवा. शुभदा ऐकत राहिली आणि म्हणाली, "तेच पुस्तक मी मैंदर्गीला दिलंय. तिथल्या बायका भाकऱ्या करता करता ते मोठ्यानं वाचून घेतात. तू ये ऐकायला. पण यायचं तर आता ये. वाचणाऱ्या महानंदाअक्कांच्या घशात गाठ निघालीय. शस्त्रक्रिया ठरली आहे, त्याच्या आधी डॉक्टरांनी बोलणं बंद करायला सांगितलंय. नंतर आवाज कसा राहील, ते कुणी सांगत नाही."

या एका वाक्यावर मी तिकीट काढले, असे म्हटले तर ते अर्धेच खरे होईल. दुसरे कारण माझ्या स्वतःच्या वाचनाचे होते. कविता हा माझ्या अभ्यासाचा आणि कामाचा विषय. कविता मी टेबलाशी बसून वाचते, पेन्सिल घेऊन, ओठ हलवून. कादंबरी आणि आत्मचरित्र मात्र केवळ सुखासाठी. कादंबरी मी पालथी पडून वाचते, अधाशासारखी. पुढे काय झाले ते कळल्यावर मागे येऊन पुन्हा चाखत वाचते. आत्मचरित्राला हा उतावळेपणा चालत नाही. तिथे कुणीतरी समोर बसून आपले आयुष्य सांगत असते, आणि सांगणाऱ्याला घाई करणे हे आमच्या घरी असभ्य मानले जाई. म्हणून आत्मचरित्र दुपारी, ओटीवर, दोन-चार पाने वाचून मिटायचे. दोन्ही सुखे मौनातली. गद्य मी कधी कुणाला मोठ्याने वाचून दाखवले नव्हते आणि कुणाचे ऐकलेही नव्हते. माझ्याच हातातले पुस्तक दुसऱ्या कुणाच्या तोंडून कसे ऐकू येईल, याचे कुतूहल मला सोलापूरपर्यंत घेऊन आले.

त्या दुपारी शुभदाने मला बाजारातून हिंडवले. शेंगाचटणीच्या दुकानापाशी लसूण, तिखट आणि भाजक्या शेंगदाण्याचा वास असा दाट होता की तो हाताने बाजूला सारावा. विणकरांच्या वस्तीतून जाताना दारादारांतून तेलुगू ऐकू येत होते, पुढच्या चौकात दख्खनी, आणि रिक्षावाला आमच्याशी मराठीत बोलून फोनवर कन्नडमध्ये कुणालातरी रागावत होता. आमच्याकडे एका गावात एक भाषा आणि तिच्या चार तऱ्हा. इथे एका रस्त्यावर चार भाषा, आणि कुणालाच त्याचे काही वाटत नाही.

जेवायला कडक भाकरी होती. पापडाहून थोडी जाड, ताटाएवढी, मोडली की आवाज करणारी. आमच्याकडची तांदळाची भाकरी मऊ, हातरुमालासारखी घडी होणारी. मी त्याच भरवशाने मोठा तुकडा तोंडात घातला आणि तो हिरडीला लागला. शुभदा हसून बेजार झाली.

"अगं, ती चावून नाही खायची. आमटीत मोड, नाहीतर दह्यात. तिला जरा वेळ दे."

हिरडी चार दिवस दुखत होती. पण दह्यात भिजलेल्या त्या ज्वारीची चव, किंचित धुराची, किंचित गोडसर, मी अजून विसरलेले नाही.

मैंदर्गी, पहिला दिवस

अक्कलकोट सोडल्यावर दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. कणसे भरून आलेली, पाने कडेने वाळू लागलेली. वारा आला की सगळे शेत एका दमात कागदासारखे सळसळे. मैंदर्गी हे बाजाराचे गाव आहे. कपड्यांची, खतांची, मोबाइलची दुकाने, आणि त्यांच्या मागच्या गल्लीत पत्र्याचे एक लांबट शेड. तिथे पोचण्याआधीच ते ऐकू येते. थप थप थप. काटवटीत ज्वारीच्या पिठाचे गोळे थापणारे हात.

आत चुलींची ओळ होती. एकेका चुलीशी एकेक बाई. थापायची, तव्यावर टाकायची, पाणी फिरवायचे, उलटायची, आणि भाजून निघालेली भाकरी मंद निखाऱ्यांशी पुन्हा कडक व्हायला ठेवायची. या सगळ्यांच्या मध्ये, उलट्या घातलेल्या लाकडी खोक्यावर, चष्मा लावून महानंदाअक्का बसल्या होत्या. साठीच्या जवळ आलेल्या, उंच, कपाळावर विभूती, गळ्यात चांदीची करडी, लिंग ठेवायची डबी. मांडीवर पुस्तक. मुखपृष्ठ पिठाने पांढुरके झाले होते तरी मी ते लांबूनच ओळखले.

"या की ताई. शरणु. बसा हितं, चुलीपासनं जरा लांब. धूर लई हाय," त्या म्हणाल्या.

तो आवाज ऐकून मी चरकले. मुळात भरदार असलेला आवाज मधेच फाटत होता. शब्दाचे पहिले अक्षर उमटे आणि उरलेल्यांचा नुसता वारा येई.

शुभदाने मला या शेडाची रीत येतानाच सांगितली होती. बायकांना भाकऱ्यांवर मजुरी मिळते. वाचणाऱ्या बाईला थापता येत नाही, म्हणून तिच्या वाटणीच्या भाकऱ्या बाकीच्या जणी आपापसांत उचलतात. वाचणे हे इथले एक कामच आहे, पीठ मळण्यासारखे. पुस्तक उघडण्याआधी ते कपाळाला लावतात. आणि एक नियम असा की चुलीशी बसलेली कुणीही बाई "थांब" म्हणाली, की वाचणारीने वाक्य असेल तिथे थांबायचे.

त्या दिवशी पुस्तकातल्या बेटावर वादळ होते. होडी आलेली नव्हती. राखणदाराच्या बायकोने डब्यातले तांदूळ चाचपून पाहिले आणि नवऱ्याला सांगितले की अजून पुष्कळ आहेत.

"थांब गं अक्का," तिसऱ्या चुलीवरून सुंदराबाई म्हणाल्या. त्या सगळ्यांत वडील, दात थोडे आणि जीभ पुष्कळ. "नवऱ्याला खोटं सांगितलं व्हय तिनं?"

"मग काय सांगायचं? तांदूळ संपलं, आता मारा उडी पाण्यात?" दुसरी म्हणाली.

"मी तर आधी शेजारी मागितलं असतं."

"शेजारी कोण हाय तिला? मासं?"

शेड हसले, पण थापणे थांबले नाही. सुंदराबाईंनी माझ्याकडे मोर्चा वळवला. "ताई, तुमी समुद्रावरच्या की. तुमच्याकडं जवारी पिकत न्हाय म्हणं?"

"नाही पिकत. भात."

"मग पोट भरल्यालं कळतंय कसं?"

मी म्हटले, भाताने झोप येते, त्यावरून कळते. हे उत्तर पसंत पडले. मग त्यांनी विचारले, "आन् समुद्र दिवसभर वरडतो, ते खरं हाय का?"

"खरं आहे. पण ऐकून ऐकून आम्हाला ऐकू येत नाही."

"म्हंजी आमच्या ह्या बडवण्यावानी," त्या म्हणाल्या, आणि अक्कांना हाताने खूण केली, चल पुढे.

मी हेच प्रकरण ओटीवर वाचले होते. तांदळाचे ते खोटे मला तेव्हा करुण वाटले होते, आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ झाडांकडे पाहत बसले होते. इथे त्याच खोट्याचा पंचनामा झाला, निकाल लागला नाही, आणि गोष्ट पुढे सरकली. ती बाई इथे जास्त जिवंत होती, हे मला कबूल करावे लागेल. निदान तिच्याशी भांडता येत होते.

पुढच्या पानावर अक्कांचा आवाज गेला. त्यांची सून गौरी आपली चूल सोडून उठली आणि कोमट पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला. गौरी सीमेपलीकडच्या गावातली, कन्नड शाळेत शिकलेली. सासूला ती कन्नड रीतीने अत्ती म्हणते.

"साकु, अत्ती. पुरे आता," ती हळूच म्हणाली.

"मोबाइलवर लावा की पुस्तक," एक तरुण बाई म्हणाली. "आता सगळी पुस्तकं बोलत्यात."

"लावलं हुतं की गेल्या महिन्यात," सुंदराबाई म्हणाल्या. "मी थांब थांब म्हणून वरडत्ये, अन् ती बया आपली चाललीच हाय पुढं. माझ्या सासूवानी."

संध्याकाळी शुभदा सोलापूरला परतली आणि मी अक्कांकडे राहिले. ताटात गरम भाकरी, भरले वांगे, घट्ट दही. जेवण झाल्यावर अंगणात बसून त्या थोडे थोडे बोलल्या, मधे थांबत, घसा सांभाळत.

"परवापासनं मला गप बसायचंय. मग दवाखाना. मग किती म्हैने, कोण जाणे. ताई, माझा आवाज गेला तर गेला. पन शेडातलं वाचणं तुटाय नगं. आमच्या गल्लीत भजन हुतं बायकांचं. गाणारी बाई लेकाकडं गेली. दोन म्हैन्यांनी बसू म्हनले सगळ्या. बसल्या न्हाईत पुन्ना. एकदा तुटलं की तुटलं."

मी विचारले, वाचायची गोडी त्यांना कधी लागली.

"म्हायेरात लागली. सासरी पुस्तक घेतलं की कायतरी काम निघायचं. सासू म्हनायची, कागद खाऊन पोट भरतंय व्हय? शेड काडलं तवा पैल्या दिवशी मी पेपर वाचून दाखवला, कट्टाळा जावा म्हणून. मग गोष्ट. मग कादंबरी. वाचणं हे काम हाय असं मला ह्या बायांनी म्हनलं, ताई. घरात कुनी म्हनलं न्हवतं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "उद्या तुमी वाचा. तुमी शिकल्याल्या. कवितावाल्या. तुमी चार दीस वाचलं, तर तवर बायांची सवय तरी मोडायची न्हाय."

"आणि त्यानंतर? गौरी?"

त्यांनी मान हलवली. "तिला लई येळ लागतो. अक्षराला बोट लावून वाचती. बायकांचा जीव टांगणीला लागंल."

गौरी आत भांडी घासत होती. तिने ते ऐकले असणार. भांड्यांचा आवाज क्षणभर थांबून पुन्हा सुरू झाला.

दुसरा दिवस

मी खोक्यावर बसले. वाचनाची मला तालीम आहे. किती तरी कविसंमेलनांत मी ओळीच्या शेवटी किती थांबायचे, आवाज कुठे उतरवायचा, कुठल्या शब्दापूर्वी श्वास घ्यायचा, हे शिकले आहे. पुस्तक कपाळाला लावले आणि सुरुवात केली. वादळ ओसरल्यानंतरची पहाट होती; खडकावर वाहून आलेली एक मेलेली पक्षीण, शेवाळाचा वास, आणि दूरवर काहीच नसलेले पाणी. मला ते प्रकरण फार आवडते. समुद्राचे ते वर्णन माझ्या घराचे आहे.

दोनेक परिच्छेदांनी थापण्याचा आवाज विरळ झाला. पुढे तो बंदच पडला. पत्र्याखाली फक्त माझा आवाज आणि निखाऱ्यांची चुरचुर. मला बरे वाटले. शांतता मिळणे म्हणजे दाद मिळणे, असेच मी समजत आले आहे. मी आवाज आणखी खाली आणला.

मग वास आला. ज्वारी करपल्याचा वास गोडसर सुरू होतो आणि एकदम कडू होतो. एकेका तव्यावर एकेक भाकरी काळी पडत होती, आणि हात मांडीवर ठेवून बायका माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

"आगं बाई, भाकरी!" सुंदराबाई ओरडल्या, आणि सगळ्या चुलींवर एकच धांदल उडाली. उलथनी, ठसका, धूर. करपलेल्या भाकऱ्या गाईंसाठी टोपलीत गेल्या. सुंदराबाईंनी डोळे पुसत मला म्हटले, "ताई, तुमचं वाचणं साखरेवानी ग्वाड. पन तव्याला कुटं कळतंय त्ये!"

मी पुन्हा वाचू लागले, या वेळी जरा सपाट, जरा भरभर. भाकऱ्या वाचल्या. पण त्या संबंध दुपारी "थांब" असे कुणी म्हटले नाही. राखणदाराला ताप भरला, होडीची चिन्हे नव्हती, तान्ह्या मुलीसाठी दूध उरले नव्हते, तरीही कुणी बायकोची बाजू घेतली नाही की नवऱ्याला नावे ठेवली नाहीत. शेवटी शेड झाडताना एक बाई आदराने म्हणाली, "देवळात बसल्यावानी वाटलं बघा."

अक्का दिवसभर दाराशी बसून होत्या. परतताना त्यांनी माझा हात धरला. "तुमी लई चांगलं वाचता ताई. लावू नगा मनाला. पन तुमच्या वाचण्यात बाईला शिराय फट न्हाय. गप ऐकायचं म्हनलं, तर दोन दिसांत त्या मोबाइल लावतील."

मी मनाला लावून घेतले नाही. माझे वाचन ज्या सभागृहांसाठी घडले, तिथे कुणाच्या हाताला काम नसते. इथे पुस्तकाला कामाच्या पोटात जागा करून घ्यावी लागते. पण अक्कांचा चेहरा उतरला होता. त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला होता, तो फोल गेला होता, आणि बोलायला त्यांच्याकडे आता फक्त ती संध्याकाळ उरली होती. ती त्यांनी जवळजवळ न बोलताच घालवली.

गौरी विहिरीवर पाणी आणायला निघाली, तेव्हा मी तिच्याबरोबर गेले. विचारले, घरी ती काही वाचते का.

"वाचती की. कन्नडमध्ये. कादंबरीच वाचती, मोबाइलवर. मराठी अक्षर वळखतो आमी, पन ते पळत न्हाय माझ्यासंगं. चालतंय. अत्तींचं वाचणं कसं, पाणी सोडल्यावानी. त्येच्या म्होरं मी काय वाचू?" घागर कडेवर घेत ती म्हणाली. "हसत्यात न्हवं बाया. हसू दे. पन अत्ती हसत न्हाईत. त्या चष्म्यातनं बघत्यात."

आता हे लिहिताना अक्कांची शस्त्रक्रिया होऊन गेली आहे. गाठ साधी निघाली. आवाज किती परत येतो हे कळायला अवकाश आहे, असे शुभदा सांगते. त्यामुळे पुढचा दिवस मी जसा पाहिला तसाच सांगू शकते. त्याला शेवटाची खात्री नाही.

तिसरा दिवस

अक्कांचे मौन सुरू झाले होते. तोंडावर पदर धरून त्या शेडात आल्या, खोक्यावर बसल्या, पुस्तक मांडीवर घेतले, कपाळाला लावले, आणि मग त्यांना आठवले. त्यांनी ते माझ्यापुढे धरले. मी हात पुढे केला नाही. नको, असे म्हणण्याचे धैर्य मला होत नव्हते, आणि हो म्हणणे बरोबर नव्हते. चुलींवर थापणे चालू होते, पण सगळ्यांचे कान आमच्याकडे होते.

"अगं गौरे," सुंदराबाई म्हणाल्या, "तू वाच बघू."

गौरीचा हात पिठातच राहिला.

"मला न्हाय जमायचं, आज्जी."

"चुकलीस तर चुकलीस. आमी काय परीक्षा घेतोय व्हय? आन् चुकलीस तर आमाला तेवडीच मज्जा. ताईंनी काल येक बी चूक केली न्हाय, आमचा दीस वाया गेला."

सगळ्या हसल्या, मीही. मग सगळ्यांनी अक्कांकडे पाहिले. त्यांना बोलता आले असते तर त्या नको म्हणाल्या असत्या, असे मला वाटते. तो शब्द त्यांच्या चेहऱ्यावर आला होता. पण बोलायची बंदी होती, आणि मान हलवण्यापूर्वी त्यांना विचार करायला वेळ मिळाला. तव्यावरची भाकरी फुगून खाली बसेपर्यंत तो वेळ गेला. मग त्या उठल्या, गौरीच्या चुलीशी गेल्या, पुस्तक तिच्या मांडीवर ठेवले, आणि तिला दंडाला धरून उठवले. तिच्या रिकाम्या जागेवर त्या स्वतः बसल्या. वाचणारीच्या वाटणीच्या भाकऱ्या कुणीतरी थापायच्याच असतात.

इतकी वर्षे त्या शेडात असूनही अक्कांनी इथे कधी फारसे थापले नव्हते. घरच्या भाकरीला जो हात चालतो, तो या पातळ भाकरीला चालत नाही. पहिली मधोमध फाटली. दुसरी एका बाजूला जाड झाली.

"अक्का, ही भाकरी हाय का उशी?" सुंदराबाईंनी विचारले. "आज रातच्याला डोक्याखाली घेऊ की!"

अक्कांनी उत्तर द्यायला तोंड उघडले, मिटले, आणि पदराआड खांदे हलवत हसल्या. उत्तर देता येत नसल्याने त्यांना ते सोसावे लागत होते, आणि बायका त्या संधीचे सोने करत होत्या.

गौरीने सुरुवात केली. अक्षराला बोट लावून, एकेक शब्द उचलून ती वाचत होती. आवाज पातळ होता. राखणदार तापाने निजला होता. संध्याकाळ होत आली होती. दिवा कुणीतरी लावायलाच हवा होता.

"मी... का... कंदील..." गौरी अडली.

"घेतला," एक बाई म्हणाली.

"न्हाय. पुसला. मी कंदील पुसला."

"पुसणारच की. काळी काच घिऊन वर चढंल व्हय?"

पुढच्या वाक्यात गलबत आले. गौरी थांबली, बोटाने तो शब्द दाबून धरला आणि म्हणाली, "दोणी. मोठी दोणी." ज्यांना कन्नड येत होते त्यांनी मान हलवली, ज्यांना येत नव्हते त्यांना शेजारणीने सांगितले, आणि तेवढ्यात एका भाकरीची उलटण्याची वेळ झाली. ती बरोबर वेळेवर उलटली गेली. मी पाहत होते. प्रत्येक अडखळण्याच्या जागी कुणीतरी एक शब्द टाकत होते, चुकत होते, बरोबर येत होते, आणि थापणे त्या अंतरांत आपोआप बसत होते.

"थांब," सुंदराबाई म्हणाल्या. "नवरा तापानं पडला, ल्योक पाळण्यात, आन् ही शिडी चढून वर चालली? पोर रडलं तर?"

"ल्योक न्हाय, लेक हाय, आज्जी."

"लेक तर लेक. रडायची ती रडंलच."

"दिवा न्हाय लावला तर त्या दोणीतली मान्सं मरतील की."

"मरू द्यात. तिची हायेत व्हय ती?"

या प्रश्नावर शेडात खरेच वाद पेटला. मी वाचत होते तेव्हा न पडलेले सगळे प्रश्न आता पडत होते. माझ्या ओटीवरच्या वाचनात ती बाई शिडी चढत असताना मला फक्त काचेवर येणारा तिरपा उजेड दिसला होता. पाळण्यातल्या मुलीकडे माझे लक्षच गेले नव्हते.

अक्का मात्र अजून वाचणाऱ्याच होत्या. गौरी एखादे अक्षर चुकली की त्या पिठाच्या बोटांनी चुटकी वाजवत, चष्म्यावरून तिच्याकडे पाहत, आणि ओठांनी आवाज न करता बरोबर शब्द सांगत. गौरी दचके, मागे जाई, सुधारे. असे पानभर चालले. पान उलटल्यावर वाद पुन्हा सुरू झाला, आणि चुटक्या विरळ होत गेल्या. त्यांच्या हातांना थापण्याची लय सापडू लागली होती. पुढची भाकरी गोल निघाली. अक्कांनी ती तव्यावर टाकली आणि पाहत राहिल्या.

बाई वर पोचली होती. काच उघडली होती. वात पेटवताना तिने एका हाताने दुसरा धरला होता. गौरी वाचत होती, बोट पुढे सरकत होते. "दिवा लावताना मला कुनी... बघत नव्हतं. पन मला रोज वाटायचं, पान्यावर कुनीतरी... उजे... उजेडाची... वाट बघतंय."

"बेळकु," एका बाईने शेजारणीला सांगितले. उजेड.

तेवढ्यात अक्कांनी पिठाने भरलेला हात वर केला. थापणे थांबले. गौरीचे बोट जागच्या जागी थांबले आणि चेहरा उतरला.

"काय चुकलं, अत्ती?"

अक्कांनी मान हलवली. नाही. मग त्यांनी तर्जनीने हवेत एक वर्तुळ काढले, आणि तो हात कानापाशी नेला. आजवर शेडातले वाचणे त्यांच्याच तोंडातून गेले होते. चुलीशी बसून ऐकायला ते त्यांना कुणी दिले नव्हते.

गौरीला कळायला क्षणभर लागला. मग तिने बोट ओळीच्या सुरुवातीला नेले, आणि ते वाक्य पुन्हा वाचले. ती त्याच जागी अडखळली. अक्कांचा हात या खेपेला पिठातच राहिला.